भंगार यार्ड आणि आक्काचे दोन कायदे

भंगाराचं एक बरं असतं. साठलं की गाडी येते, भरते, निघून जाते. किश्श्यांचं तसं नाही. आमच्या यार्डात ते नुसते साठतच चाललेत आणि उचलायला एक गिऱ्हाईक फिरकत नाही. चहाला बसल्यावर एक काढला की त्याच्याखालनं दुसरा निघतो. बायको म्हणते, घरी येताना तेवढं तरी तिकडंच टाकून येत जावा. म्हटलं, आज तुम्ही बसलाच आहात तर थोडी जागा मोकळी करू.

मी एका टेलिफोन-इंटरनेट कंपनीच्या गोदामात आहे, उचगावात. कंपनीचं नाव सांगत नाही, उगं नोटीस यायची. पूर्वी टॉवरवर चढायचो. मग गुडघ्यानं राजीनामा दिला. मी दिला नव्हता, म्हणून मला यार्डात आणून बसवलं. जिल्ह्यात कंपनीचं जे काही मरतं ते सगळं आमच्याकडं येतं. मोडेम, केबलची भेंडोळी, जाहिरातींचे फ्लेक्स, टॉवरखालच्या बॅटऱ्या. शोरूममधली पोरं आम्हाला 'स्मशानवाले' म्हणतात. म्हणू देत. शेवटी समद्यांना हितंच यायचंय.

यार्डाची मालकीण म्हणजे शिवलीला आक्का. कागदावर स्टोअर ऑफिसर. माहेर गडहिंग्लजच्या पुढं, पार कर्नाटकच्या सीमेला टेकलेलं, त्यामुळं ताई नाही, आक्का. साहेबलोकसुद्धा आक्काच म्हणतात. सासर मात्र इथलंच, यार्डाच्या मागच्या अंगाला. गाड्या भरायला-उतरवायला इलाहीमामा. एवढीच आमची फौज, आणि या फौजेचे कायदे दोन.

पहिला कायदा, मेलेला मोडेम भोक पाडल्याशिवाय गेटबाहेर जाणार नाही. दुसरा, बॅटरी जाईल ती उभी, टोपणं लावलेली, आतल्या पाण्यासकट, आणि परवाना असलेल्या कारखान्याच्याच गाडीतनं. बॅटरीचं पाणी म्हणायचं आपलं, असतं ते ॲसिड. चोरटे भंगारवाले बॅटरी कोरडी करून मागतात. वजनाला हलकी, गाडीचा पत्रा खात नाही. मग आतलं पाणी जिथल्या तिथं ओतून मोकळे.

आमच्या भिंतीला लागून ओढा वाहतो. आक्का या यार्डात यायच्या आधी एकानं तसंच ओतलं होतं. खालच्या अंगाला आक्काच्या सासरचा गोठा. त्या आठवड्यात त्यांचं रेडकू गेलं. भिंतीलगतच्या पट्ट्यात अजून गवत उगवत नाही. नवीन माणूस बदलून आला की आक्का आधी त्याला त्या पट्ट्यावर नेऊन उभं करते, मग चहा पाजते. पुण्याहून आताचे साहेब आले तेव्हा त्यांनाही नेलं. साहेब फोनवर बोलत होते. बोलता बोलताच मान हलवली आणि फोनवर बोलतच परत आले. त्या माणसाचा एक फोन कधी चुकायचा नाही. जेवता जेवता घास हातात धरून उचलायचे.

* * *

पहिला कायदा झाला तो कळंब्याच्या एका गुरुजींमुळं. एके दिवशी रिक्षातनं उतरले, पिशवीतनं मोडेम काढला आणि टेबलावर आपटला. बाजारातल्या दुकानातनं नवा कोरा घेतलेला, खोकं सीलबंद, पण दिवा काही लागेना. आम्ही म्हटलं, गुरुजी, तक्रार सेंटरला करायची, हे भंगाराचं यार्ड आहे. गुरुजींनी मोडेम उलटा केला. खालच्या बाजूला, स्टिकरच्या आड, काळ्या शाईनं लिहिलं होतं, 'उचगाव. मयत.'

अक्षर इलाहीमामाचं. आलेला प्रत्येक मोडेम बघून मामा त्याच्यावर तसं लिहायचा. म्हणजे आमचं भंगार नेणारा गडी वरनं पुसून, नवं खोकं घालून तेच बाजारात विकत होता. बुडाकडं बघायचं तेवढं विसरला.

गुरुजी एवढंच म्हणाले, "मयताला मी आलो असतो. पण मयत घरी कशाला पाठवलंत?"

आक्काचा चेहरा उतरला. गुरुजींना तिथंच नवा मोडेम दिला, रिक्षापर्यंत सोडायला गेली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या वर्कशॉपमधलं ड्रिल मशीन घेऊन आली, एक टेबल कोपऱ्यात ओढलं आणि मामाला सांगितलं, आजपास्नं हितं आलेल्या प्रत्येकाला बरोबर मधोमध भोक.

आठ दिवसांत तो भंगारवाला भांडायला आला. म्हणे मालाची वाट लावताय, भोक पडलेला माल कोण घेणार. आक्का जागची उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "भंगार म्हणूनच नेत होतास न्हवं? मग भोकानं तुझं काय दुखालंय?"

तो पुन्हा दिसला नाही.

* * *

आता साहेबांचा किस्सा. साहेब माणूस वाईट नव्हता. पण पुण्याहून कोल्हापूरला आला म्हणजे आपण मागास भागाचा विकास करायला आलोय, अशी त्यांची समजूत. आल्या आल्या त्यांनी शहरातल्या एका हॉटेलात नव्या मॉडेलचा कार्यक्रम ठरवला. नव्या मोडेमचा एकच नमुना मुंबईहून आला तो आमच्या पत्त्यावर. साहेब स्वतः यार्डात आले, स्वतः खोकं उघडलं, मोडेम हातात घेऊन फिरवून बघितला. तेवढ्यात फोन वाजला. साहेब मोडेम जवळच्या टेबलावर ठेवून बोलायला बाहेर गेले.

टेबल कुठलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

मामानं काम संपवून नमुना परत खोक्यात ठेवला, कारण खोकं शेजारीच होतं आणि मामाला पसारा आवडत नाही. साहेबांनी खोकं उचललं आणि गाडीत ठेवलं.

संध्याकाळी हॉटेलात सगळी मोठी माणसं. प्रमुख पाहुण्यांनी मखमली कापड ओढलं, टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. कारण मोडेमच्या छातीतनं पलीकडची फुलदाणी दिसत होती. मी मागच्या खुर्चीवर होतो. पण साहेब पुण्याचे. डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, ही खास हवा खेळती राहण्याची सोय आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करून. पाहुण्यांनी भोकात बोट घालून बघितलं आणि विचारलं, मग इतकी वर्षं जुन्या मॉडेलला का ठेवलं नव्हतं? पुढचा महिनाभर लोक शोरूममध्ये येऊन भोकाचाच मोडेम मागत होते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी मामाला समोर उभं केलं. मामा शांत. म्हणाला, "त्या टेबलावर काय ठेवायचं ते माझ्या हातात न्हाय साहेब. ठेवल्यावर काय करायचं, एवढंच माझ्या हातात हाय."

आक्का मधे पडली, म्हणाली मामाला काही झालं तर आधी मला काढा, कायदा माझा आहे. साहेबांनी विषय सोडला. त्या टेबलापासनं मात्र ते कायम चार हात लांबनं जायला लागले.

* * *

एकदा मुंबईहून फर्मान आलं, कचरामुक्त सप्ताह साजरा करा. फर्मानामागोमाग एक भलंमोठं खोकं आलं. त्यात छातीला लावायचे प्लास्टिकचे बिल्ले, प्रत्येक बिल्ला वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सोबत भिंतभर फ्लेक्स, 'प्लास्टिक टाळा'. बिल्ले लावून फ्लेक्ससमोर उभं राहायचं आणि फोटो पाठवायचा. सगळ्यात जास्त कचरा पुनर्वापराला पाठवेल त्या ऑफिसला बक्षीस.

आक्कानं खोकं उघडलं, बघितलं, बंद केलं. मामाला म्हणाली, हे जसंच्या तसं प्लास्टिकच्या ढिगात. मामानं बिल्ल्यांच्या पाठीच्या पिना तेवढ्या काढून लोखंडाच्या डब्यात टाकल्या, बाकी सगळं गोणीत भरलं. गोणीचा फोटो काढून आक्कानं मुंबईला पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुम्ही पाठवलेला कचरा मिळाला. योग्य ठिकाणी रवाना केला आहे.'

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आता आपली सगळ्यांची वरात निघणार म्हणाले. पण मुंबईत बहुतेक कुणी काही वाचत नाही, नुसतं वजन बघतात. आमचा पहिला नंबर आला. ट्रॉफी आली. तीही प्लास्टिकची, सोनेरी मुलामा दिलेली. आली ती साहेबांकडनं थेट यार्डात आली, कारण त्यांना ती डोळ्यासमोर नको होती. कुणीतरी कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली.

आज ती दाराजवळ खिळ्याला अडकवलेली आहे. मधोमध भोक असल्यामुळं फार छान अडकते.

* * *

फ्लेक्सचं सांगतो. जाहिरात बदलली की जुने फ्लेक्स उतरवून आमच्याकडं येतात. जाळायचे म्हटलं तर काळा धूर, पुरायचे म्हटलं तर तसेच राहतात. आक्कानं रीतसर वरून परवानगी काढून ते गावात वाटले. कुणी वैरणीवर घातले, कुणी गोठ्याच्या पत्र्यावर. सबंध उचगावच्या मागच्या बाजूला म्हशींच्या डोक्यावर आमची जाहिरात, 'आता मिळवा दुप्पट स्पीड'.

एकदा जाहिरात खात्याचा एक तरणाबांड साहेब मुंबईहून आला. त्यानं रस्त्यावरनंच ते बघितलं आणि बिथरला. म्हणे ब्रँडची बदनामी होते, चिन्ह शेणाच्या ढिगाशेजारी दिसता कामा नये. आमचे साहेब त्याला घेऊन आक्काच्या सासरच्या गोठ्यावर गेले. मागनं मी.

आक्काच्या सासूबाई धार काढत होत्या. दिसायला तेवढ्या सासूबाई, आवाज सैन्यातल्या सुभेदाराचा. साहेबांनी समजावलं, आजी, वरचं चिन्ह झाका, कंपनीचा आग्रह आहे. आजींनी चरवी खाली ठेवली, हात पुसले, थोरल्या नातवाला हाक मारून फ्लेक्स उतरवला आणि उलटा करून परत घातला. म्हणजे पांढरी बाजू आभाळाकडं आणि कंपनीचं चिन्ह खाली, म्हशीकडं.

"आता फकस्त आमच्या चंद्रीला दिसतंय," म्हणाल्या, "आन् तिची काय तक्रार न्हाय."

चंद्री म्हणजे ती म्हैस. मुंबईचा पाहुणा गाडीत जाऊन बसला. आमचे साहेब मात्र तिथंच अडकले, कारण आजींनी त्यांच्या हातात धारोष्ण दुधाचा पेला दिला होता. साहेबांनी भीत भीत एक घोट घेतला. मग पेला संपवला. मग ओठांवरची पांढरी मिशी तशीच ठेवून विचारलं, हे रोज मिळेल का?

* * *

झालं. त्या दिवसापासनं रोज आक्काच्या स्कूटरला दुधाची किटली. सकाळची धार, यार्डातल्या फ्रिजमध्ये दिवसभर, संध्याकाळी साहेब घरी जाताना घेऊन जायचे. साहेबांची लेक चार वर्षांची, अंगानं काडी. पुण्यात पिशवीचं दूध तिनं कधी तोंडाला लावलं नव्हतं. इथं आल्यावर पेल्यावर पेले प्यायला लागली. गाल वर आले. एका रविवारी साहेब तिला चंद्री दाखवायला घेऊन आले. चंद्री ओढ्यावर पाणी पीत होती. पोरगी काठावर उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि साहेब तिचा व्हिडिओ काढत होते. फोन वाजला की व्हिडिओ बंद पडत होता, ते कटकट करत घेत होते आणि परत सुरू करत होते.

तिनं काढलेलं म्हशीचं चित्र साहेबांच्या यार्डातल्या केबिनमध्ये लावलेलं होतं. हिरवी म्हैस. शिंगं पिवळी. आक्का म्हणायची, हा माणूस आता हळूहळू कोल्हापूरचा होतोय.

आणि मग तो दिवस आला.

* * *

मुंबईचे सगळ्यात मोठे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी यार्ड बघायला येणार होते. आमच्या साहेबांचं प्रमोशन त्यांच्या हातात. यार्ड चकाचक हवं, आणि नेमक्या त्याच वेळी जुन्या पाण्याच्या बॅटऱ्यांची लांबच लांब रांग भिंतीशी उभी. परवान्याच्या कारखान्याची गाडी वाटेत नादुरुस्त झालेली, ती दोन-तीन दिवसांशिवाय येत नव्हती. आक्का म्हणाली, असू देत की, मोठ्या साहेबांना खरं सांगू. भंगाराच्या यार्डात भंगार दिसलं तर काय बिघडतंय.

साहेबांना ते पटलं नाही. दुपारी साहेबांनी बोलावलेला एक ट्रक गेटात येऊन थांबला. पेठ वडगावकडचं कुणी भंगारवालं पावणं, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, सोबत चार गडी. कागदपत्रं मागनं बघू म्हणालं. अट एकच, माल कोरडा पाहिजे. बॅटऱ्या इथंच भिंतीवरनं ओढ्याकडं आडव्या करायच्या, पाणी काढायचं आणि भरायच्या.

आक्कानं न्हाय म्हणून सांगितलं. साहेब केबिनमधनं बाहेर आले. पहिल्यांदा गोडीत बोलले, मग आवाज चढला. शेवटी म्हणाले, आज हा माल हलला नाही तर तुमची नंदुरबारला बदलीची ऑर्डर मी आजच काढायला लावतो. आक्काचा पोरगा यंदा दहावीला, नवऱ्याचं वर्कशॉप इथं, सासूबाईंचं वय झालेलं. हे साहेबांनाही माहीत होतं.

आक्का म्हणाली, "काढा. मी जातो नंदुरबारला. तितं बी बॅटऱ्या असतीलच की. त्या बी उभ्याच जातील."

आमच्याकडं बाईमाणूसही 'जातो', 'येतो' असंच म्हणते.

पावण्यानं गड्यांना खूण केली. गडी भिंतीकडं निघाले. तेवढ्यात इलाहीमामानं एक जुना फ्लेक्स घेतला, बॅटऱ्यांच्या रांगेवर अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसला. गडी म्हणाले, चाचा, उठा. मामा म्हणाला, "बसलोय न्हवं? बसू दे." मी हातगाडी ओढत नेऊन गेटात ट्रकपुढं आडवी लावली आणि गुडघा धरून तिच्यावरच बसलो. गुडघा खरंच दुखत होता का, असं कुणी विचारलं तर सांगतो, त्या दिवशी लई दुखत होता.

पावणं साहेबांना म्हणालं, तुमचीच माणसं तुमचं ऐकत न्हाईत व्हय? साहेबांचा चेहरा लाल झाला. आक्काला म्हणाले, "अहो, एवढा ओढा वाहतोय! दोन-चार बादल्या त्यात गेल्या तर कुणाला कळणार आहे? वाहून जाईल सगळं." आणि केबिनमध्ये जाऊन दार ओढून घेतलं.

आक्का वळली आणि आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. बाहेर आली ती फ्रिजमधली दुधाची किटली घेऊन. तशीच सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच राहिलं, त्यामुळं मला हातगाडीवरनं सगळं दिसत होतं. तिनं किटली टेबलावर ठेवली, हिरव्या म्हशीच्या चित्राखाली.

"आजचं दूध," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रोजच्यासारखीच बोलली. "चंद्री पाणी कुठं पिती ते तुमी बघितलंय. गाडी भरून घ्या, मी आता आडवी येत न्हाय. फकस्त उद्यापास्नं पोरीला दूध आणायचं का न्हाय, तेवढं घरात इचारून सांगा."

आणि ती बाहेर येऊन त्या गवत नसलेल्या पट्ट्यावर उभी राहिली.

साहेब किटलीकडं बघत बसले. टेबलावरचा फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद पडला. परत वाजायला लागला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बाहेर पावणं घड्याळ बघत होतं. साहेब दारात आलेले दिसताच पुढं झालं आणि म्हणालं, लावू का माणसं कामाला? साहेब त्याच्या शेजारनं निघून गेले. हातात किटली होती. इस्त्रीच्या पँटनिशी भिंतीपर्यंत गेले आणि बॅटऱ्यांच्या रांगेसमोर थांबले.

मामाला म्हणाले, "सरका जरा. मलाही बसू द्या."